रिकामा परत आलेला डबा

नोएलचा फोन आला तेव्हा मी औषधांच्या दुकानाबाहेर गाडीत बसले होते, एसी फुल लावून. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडचा ऑगस्ट म्हणजे गाडीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही, म्हणून जरा टाळत होते उतरायचं. नोएल म्हणजे करुणाचा मुलगा. तिकडे पार उत्तरेला, बॉथेलला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. शेवटचे काही आठवडे आईजवळ येऊन राहिला होता. "मावशी, आई इज गॉन," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं. आता "बरं" काय म्हणायचं त्यात, पण तेच तोंडातून गेलं. मग उतरले, ह्यांच्या शुगरच्या गोळ्या घेतल्या, काउंटरवरच्या मुलीला हॅव अ नाइस डे म्हटलं, घरी येऊन कुकर लावला. शिट्ट्यांकडे लक्षच राहिलं नाही. भाताचा पार गिचका झाला, आणि त्या भाताकडे बघून मग रडले.

त्याला आता महिना उलटून गेलाय. लिहायला बसले तीही नोएलमुळेच. आईबद्दल मराठीत कुणीतरी लिहायला हवं, मला काही ते जमणार नाही, असं तो इंग्लिशमध्ये म्हणाला. मला तरी कुठे जमतंय? माझा सगळा जन्म गोळ्या मोजण्यात गेला. पण तिच्याबद्दल चर्चमध्ये जे बोललं गेलं ना, "देवाची सेविका", "हसतमुख व्यक्तिमत्त्व" वगैरे, ते ऐकताना मला अवघडल्यासारखं होत होतं. हसतमुख कसली? दमलेली असायची बाई. मी तिला ओळखत होते तेवढी सगळी वर्षं ती दमलेली होती, आणि तरी करत होती. ते कुणीतरी सांगायला नको का?

डॉ. करुणा आढाव. नगर जिल्ह्यातली, साखर कारखान्याच्या गावची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे. मी सांगलीची, ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तीही त्याच हॉस्पिटलात होती, पण आमची ओळख झाली ती भांडणातून. तिनं लिहिलेला एक डोस मला पटेना म्हणून मी वर फोन केला. पलीकडून अगदी थंडपणे इंग्लिशमध्ये विचारणा सुरू झाली, का, कशावरून, कुठे वाचलंत. मी वैतागून रिसीव्हर जरा बाजूला धरून पुटपुटले, "ऐकायचंच नाही तर विचारतात कशाला."  तर पलीकडून मराठीत आवाज आला, "ऐकतेय हो, बोला." डोस तिनं बदलला, आणि दुपारी डबा घेऊन खाली फार्मसीतच आली जेवायला. तेव्हापासून आमच्या दोघींचे डबे इकडून तिकडे फिरत राहिले. माझा स्टीलचा, कड्यांचा, आईनं दिलेला. तिचा तसलाच, पण झाकणावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात बायका तिला विचारायच्या, आढाव ना तुम्ही, मग ख्रिश्चन कशा? ती म्हणायची, जन्मानं, आणि पुढची पुरी ताटात घ्यायची. नाताळात तिच्याकडच्या करंज्या आमच्या दिवाळीच्या करंज्यांपेक्षा खुसखुशीत असायच्या. हे मी तिला हयातीत कधी कबूल केलं नाही.

तिच्या चर्चचं डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका मंडळीशी, म्हणजे तिथल्या एका छोट्या चर्चशी, नातं होतं. कॅरिबियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. तिथे समुद्र दिसतसुद्धा नाही. उसाच्या रानात वसलेली मजुरांची वस्ती. आपल्याकडे ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या असतात ना, तशीच, फक्त कायमची. पिढ्यांमागे हैतीहून ऊस तोडायला आलेली ही माणसं. दर वर्षी इथून पंधरा-वीस जणांची टीम जायची, सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट, आठवडाभर मेडिकल कॅम्प, शेवटी ग्रुप फोटो. करुणा पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा खुशीत होती. मळीचा वास आला गं, म्हणाली, डोळे मिटले तर मी घरीच. तिसऱ्या खेपेनंतर मात्र घुश्श्यात परत आली. टीम दर वर्षी टूथब्रश वाटायची, ते इतके साठलेले की लोक त्यांनी चपला घासत होते. ते एक वेळ ठीक. पण ब्लडप्रेशरच्या पेशंटना महिनाभराच्या गोळ्या देऊन यायचं, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं, तेच प्रेशर, पुन्हा महिनाभराच्या गोळ्या. "अगं विजू, हे काय औषध झालं?" मला म्हणाली. "हा तर तुमचा प्रसाद झाला. हातावर ठेवला, डोळ्यांना लावला, संपला."

मग ती मागेच लागली. कमिटीच्या मीटिंगांमध्ये बसून बसून, लोकांना नकोशी होईपर्यंत बोलून, तिनं सगळी पद्धत बदलून घेतली. तिथल्या पाळकांच्या, म्हणजे पास्टरच्या, घरात कुलुपाचं कपाट, त्यात वर्षभराच्या गोळ्यांचा साठा. जवळच्या गावातला एक डॉक्टर गाठला, त्यानं दर तीन महिन्यांनी येऊन पेशंट बघायचे. आणि कपाटाची किल्ली पाळकांच्या बायकोकडे, रोझलीनकडे. करुणा तिला आपल्या नगरी पद्धतीनं पाळकीणबाई म्हणायची, आणि तीही त्या हाकेला ओ द्यायची. रोझलीनला इंग्लिश चांगलं येतं, प्रेशर मोजायला करुणानं शिकवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की लोकांनी आपापली गोळ्यांची बाटली आणायची, रोझलीननं ती भरून द्यायची. साधीशी गोष्ट. टीममधल्या मंडळींना त्यात काही मजा वाटली नाही, कारण त्याचा फोटो काय काढणार?

तिथे मी कशी पोचले? त्यांना फार्मासिस्ट हवी होती आणि करुणाला माझ्या "नाही"ला न जुमानायची सवय होती. मी म्हटलं, मी तुमच्या चर्चची नाही, मला तुमची गाणी येत नाहीत. म्हणाली, गोळ्या मोजायला गाणी कशाला लागतात? गेले. उकाडा आमच्यासारखाच, धूळ मात्र जास्त. करुणानं प्रवासात खायला तिच्या त्या डब्यात चिवडा घेतला होता. उरलेला रोझलीनला देऊन टाकला, डब्यासकट. निघायच्या आदल्या दिवशी डबा परत आला तो भरून, शेंगदाण्याची चिक्की, आपल्यासारखीच, फक्त आल्याचा झणका असलेली. करुणा अशी हरखली की विचारू नका. उपासनेत तिला आभाराचे दोन शब्द बोलायचे होते, तिथे तिनं तो डबा उंच धरून दाखवला. सांगितलं की माझ्या आईनं मला शिकवलंय, कुणाचंही भांडं रिकामं परत करू नये. रिकामं भांडं दिलं म्हणजे नातं संपवलं. आज मला कळलं की तुमची आई आणि माझी आई एकच गोष्ट शिकवत होत्या. रोझलीननं ते त्यांच्या क्रिओल भाषेत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. माझेही डोळे भरून आले होते. असं सुंदर बोलली ती.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. आता सवयच लागली होती. पहिल्या दिवशी टेबल मांडून बसले, आणि लोक आपापल्या बाटल्या माझ्यापुढे ठेवू लागले. एका बाटलीच्या तळाशी चार-पाच गोळ्या. म्हटलं राहिल्या असतील. पुढच्या बाटलीतही तशाच. त्याच्या पुढच्या बाटलीतही. सगळ्यांच्या नाही, पण म्हाताऱ्या बायका जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्यांच्या. मग सेलीना आली. ही रोझलीनच्या शेजारची, आदल्या वर्षी मला हाताला धरून अख्खी वस्ती फिरवून दाखवणारी. आता तिचा उजवा हात लुळा लोंबत होता. तिनं डाव्या हातानं बाटली ठेवली, आणि अर्ध्या तोंडानं माझ्याकडे बघून हसली. तिच्या बाटलीत तर आणखी जास्त गोळ्या.

मी रोझलीनला हाक मारली. ती काही लपवत नव्हती, उलट कौतुकानंच सांगू लागली. डॉक्टरबाईंनी सांगितलं ना, भांडं रिकामं परत करू नये. मग महिनाअखेरीला बायका थोड्या गोळ्या घ्यायच्या थांबतात, बाटलीत ठेवतात, आणि ती बाटली मला देतात. मी त्या कपाटातल्या साठ्यात मिसळते. सेलीनाचं प्रेम सगळ्यांत जास्त, म्हणून ती सगळ्यांत जास्त ठेवते... करुणा माझ्या मागेच उभी होती. तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता, तो तिनं काढून टेबलावर ठेवला.  बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली. मी पाठोपाठ गेले आणि म्हटलं, अगं, लकवा काय, गोळ्या घेणाऱ्यालाही होतो. तेव्हा म्हणाली, "त्यामुळेच झालं असं मी सांगू शकत नाही. त्यामुळे झालं नाही असंही सांगू शकत नाही. मला आता या दोन्हींच्या मध्ये राहायचंय."  

रविवारी ती पुन्हा उपासनेत उभी राहिली. हातात डबा नव्हता, औषधाची रिकामी बाटली होती. ती तिनं सगळ्यांसमोर उलटी धरून हलवली. म्हणाली, "मागच्या वर्षी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझी चूक झाली. मला बाटली रिकामी आणून द्या. रिकामी बाटली हीच माझी भेट." या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेलीना पहिल्या बाकावर होती, तिला बहुतेक वाटलं की आपण दिलेलं डॉक्टरांना आवडलं नाही, तिचा चेहरा उतरला. करुणा खाली येऊन तिच्यापाशी बसून राहिली, प्रार्थना संपेपर्यंत. रोझलीनला तिनं आपला शब्दच शिकवला, "रिकामी". पुढे तिथे तो चालूच झाला. म्हाताऱ्या बायका बाटली उलटी करून हलवायच्या आणि ऐटीत म्हणायच्या, रिकामी.

परत आल्यावर काही दिवसांनी मी तिला माझ्या डब्यात अळूवड्या पाठवल्या. डबा आला, घासून पुसून लख्ख, आणि रिकामा. म्हटलं विसरली असेल. पुढच्या वेळी पुरणपोळ्या. डबा पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी मनातल्या मनात फणफणले. इतकं काय ते, घरात दोन बिस्किटं नसतील? शेवटी न राहवून विचारलंच. मान खाली घालून भाजी निवडत होती, तशीच म्हणाली, "त्यांना एक सांगायचं आणि आपण दुसरं वागायचं, हे मला जमणार नाही विजू. तू रागव हवं तर." मी काय रागवणार? मरेपर्यंत तिनं कुणाचंच भांडं भरून दिलं नाही. मंडळातल्या बायका मागून नावं ठेवायच्या. डॉक्टर असून हात किती आखडता. तिला ते कळत होतं आणि ती एका शब्दानं कुणाला काही सांगत नव्हती. मीही सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतेय.

त्यानंतर रविवारचा फोन सुरू झाला. उपासनेहून घरी आली की साडी न बदलता स्वयंपाकघरात बसून रोझलीनला फोन. कुणाचं प्रेशर किती, कुणाची बाटली रिकामी, कुणाची नाही, नाही तर का नाही. सुट्टीत फोन, आजारपणात फोन. नोएल लग्नाची बोलणी करायला मुलीला घेऊन आला त्या दिवशीसुद्धा, सगळे जेवायला खोळंबलेले आणि ही आत फोनवर. मी एकदा म्हटलं, एखादा रविवार चुकला तर आभाळ कोसळणार नाही. तर म्हणाली की मला कंटाळा येत नाही असं तुला वाटतं का? येतो, खूप येतो. पण कंटाळा आला हे काही कारण नाही. हे तिनं काही संतासारखं म्हटलं नाही. पाय टेबलाखाली लांब करून, डोळे चोळत म्हटलं.

इकडे कमिटी दर वर्षी नवीन जागा शोधायची म्हणायची. तेच ते गाव, तरुणांना उत्साह वाटत नाही. दुसऱ्या बेटावर जाऊ, तिथे तर काहीच नाहीये. करुणा दर वर्षी उठून तेच सांगायची, तिथे काही नाही म्हणून जायचं, आणि मग या जुन्या गावातही काही नाही असं करून ठेवायचं का? दर वर्षी जिंकायची, पण प्रत्येक वेळी थोडी जास्त थकून घरी यायची. मग गेल्या हिवाळ्यात तिलाच कॅन्सर निघाला, पोटातला, पसरलेला. इथल्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले, चांगला माणूस आहे, खोटं बोलला नाही. म्हणाले, जबाबदारी घेणारं कुणी पुढे आलं तर चर्च औषधं पाठवत राहील. कुणी आलं नाही तर वर्षअखेरीला हे काम थांबवावं लागेल. 

शेवटचे महिने रविवारचा फोन ती पलंगावरून करायची, मी तिच्या कानाशी धरून. मग तिला फार बोलवेना, तेव्हा स्पीकरवर टाकून मीच विचारायचे आणि ती ऐकायची. जुलैतल्या अशाच एका दुपारी फोन संपल्यावर माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "हा फोन तू घे." मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, माझी सत्तरी उलटली, गुडघे गेलेत, ह्यांचं सगळं मला बघावं लागतं. मी डॉक्टर नाही, तुमच्या चर्चची नाही, आणि जाते आहेस तू, तर जाताना हे माझ्या गळ्यात कशाला? ती काही वाद घालत बसली नाही. डोळे मिटून पडून राहिली. मी तिच्या ओठांना पाणी लावलं आणि घरी निघून आले. "हो" म्हटलं नाही. त्यानंतर आमचं बोलणं असं झालंच नाही.

सगळं आटोपल्यावर, बॉथेलला परत जायच्या दिवशी नोएल आमच्याकडे आला. हातात माझा डबा. मार्चमध्ये मी त्यात तिला मऊ भात नेला होता, तेव्हापासून तिकडेच राहिलेला. घासून पुसून लख्ख. दारातच अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "सॉरी मावशी, इट्स एम्प्टी. आईनं सांगितलं होतं, काही घालू नको." मी डबा घेतला. एवढा वाढलेला मुलगा, त्याला जवळ घेतलं तर माझं डोकं त्याच्या छातीशी लागतं. मग जाता जाता, गाडीचं दार उघडून, आठवल्यासारखं करून म्हणाला की आईनं रोझलीन आंटीला तुमचा नंबर दिलाय. कधी? तर म्हणे मेमध्येच. म्हणजे मला विचारायच्याही आधी! अशी होती ती. आणि लोक म्हणतात हसतमुख व्यक्तिमत्त्व.

नंबर दिलेला असून रोझलीननं दुखवट्यात मला त्रास दिला नाही. गेल्या रविवारी, महिन्याच्या पहिल्या, दुपारी तिचा फोन आला.  तिच्या मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, बाटल्या खुळखुळल्याचा आवाज नव्हता. मग तिनं सुरुवात केली, नेहमीसारखी. "सेलीना, रिकामी." त्यानंतर बाकीची नावं, एकेक, आणि प्रत्येकापुढे तो आमचा शब्द, तिच्या त्या गोल उच्चारात. मी ओट्याशी उभी राहून नुसती हं, हं करत होते. कपाटातला साठा किती दिवस पुरेल ते मला माहीत आहे. फार्मासिस्टला ते माहीत असतंच. माहीत नसतं तर बरं झालं असतं... नावं संपली. रोझलीन थांबली, आणि तिनं हळूच विचारलं की बायका विचारताहेत, डॉक्टरबाई गेल्या, तर आता गोळ्या थोड्या मागे ठेवू का? पुढे मिळाल्या नाहीत तर?

डबा तिथेच ओट्यावर होता. नोएल गेल्यापासून मी तो आत ठेवला नव्हता, त्यात काही भरलंही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "रिकाम्याच आणायला सांग. भरायचं मी बघते."